वास्तुशांत नंतर करू

पाथर्डी फाट्याच्या एका गल्लीत दोन घरं समोरासमोर. एक भाड्याचं, त्यात गोविंद आणि त्याची बायको मालिनी राहायची. दुसरं त्यांचं स्वतःचं. खाली तीन खोल्या, ओटा, नळ, सगळं तयार. पण त्यात राहायचं कोण, तर कबुतरं! आणि स्लॅबवर सळया अशा उभ्या, जणू आभाळाला टोचूनच बघणार.

सतरा वर्षं हेच. गोविंदानं सांगूनच टाकलं होतं, "तीन मजले झाले की वास्तुशांत. तोवर अर्धवट घरात पाऊल टाकायचं नाही."

एकुलत्या एका लेकीचं, यशश्रीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "बाबा, हळद तरी आपल्या अंगणात लावा ना!"

"अगं, दोन वर्षं थांब. वरचा मजला चढू दे."

पोरी कुठल्या थांबतात! भाड्याच्या खोलीत हळद लागली आणि लेक देवळ्याला नांदायला गेली.

मग एका दिवाळीच्या तोंडावर गोविंदाच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्याचीही नोकरी गेली. गोविंद चौपन्न वर्षांचा. आता कसला दुसरा मजला नि कसला तिसरा! आठ दिवस तो खाटेवरून उठला नाही. दाढी वाढली, बोलणं तुटलं. नवव्या दिवशी म्हणाला, "मालिनी, घर विकतो. उद्या गिऱ्हाईक येतंय."

"अहो, एक दिवस तरी राहू त्यात!"

"राहायचं म्हणजे जगाला दाखवायचं, गोविंदाची उडी एवढीच होती."

मालिनीनं गुपचूप घोटीला फोन लावला. सकाळी गिऱ्हाइकाच्या आधी धोंडाबाई हजर! गोविंदाची सख्खी आत्या. वय पंच्याऐंशी, आणि थापा मारण्यात तालुक्यात पहिली.

"काय रे गोविंदा, कुणाचं सुतक पाळतो?"

"आत्या, थट्टा नको. माझं सगळं संपलं."

"बरं, मंग आमचं ऐक. आमच्या मालकांनी घोटीत घर काढलं. सळया एवढ्या उंच सोडल्या, का कळसूबाईवरची माणसं त्यावर टॉवेल वाळत घालायची! एकदा ढग अडकला. नऊ महिने नुसता आमच्याच दारात चिखल. गाव कोरडं ठाक!"

मालिनीला हसू फुटलं. गोविंदाचेही ओठ हलले. "मग, मजले किती झाले?"

धोंडाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"वरचा एक बी नाय. खालच्या खोल्यांना कुलूप. म्हणायचे, मोठं झालं का जाऊ. भाड्याच्या खोलीतूनच तिरडी उठली त्यांची. हे मातर खोटं नाय, बाबा."



"मग माणसानं स्वप्नच बघू नये का?" गोविंद उसळला.

"बघ की! सात मजले बघ! पण वरचे झाले नाय म्हणून खालच्याचा राग कशाला? तो तुझ्याच घामाचा हाय ना? अन् यशी आता परत हळद लावून घेणार हाय का?"

गोविंदाच्या काळजात लख्ख झालं. अरे देवा! आपण घर बांधलं, आणि घरच्यांनाच बाहेर ठेवलं! चौपन्न वर्षांचा बाप्या ढसाढसा रडला. मग फोन उचलून गिऱ्हाइकाला म्हणाला, "येऊ नका. घर विकायचं नाही."

कुलूप गंजलेलं, दगडानं फोडावं लागलं. मालिनीनं कबुतरांची घाण काढली, शेगडी मांडली, दूध उतू जाऊ दिलं. ना भटजी, ना पंगत. तिघंच माणसं.

गोविंदानं लेकीला व्हिडिओ कॉल लावला. मागची खोली दाखवली. "यशे, ही तुझी होती बघ."

यशश्री बराच वेळ बघत राहिली. "छान आहे, बाबा," म्हणाली आणि भरलेले डोळे दिसू नयेत म्हणून तिनं फोनच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला.

तर मंडळी, मोठं मागा, जोरात मागा. पण हाताशी आलेल्या सुखाला आपण कुलूप तर लावलं नाही ना, तेवढं आजच्या आज बघा. जे मिळालं नाही, त्याचं दुःख गोविंदाला पुढं सोसवलं. जे होतं आणि वापरलं नाही, त्याचं अजून सोसवत नाही.