चिकट्या घसरला

मी चिकट्या बोलतोय. ओळखलं नाहीत ना? साहजिक आहे. मी म्हणजे रिळाच्या शेवटी उरलेली तीन हात नायलॉनची दोरी. दुकानदारानं माझी टोकं जाळली, अप्पांनी ती एकमेकांना बांधून माझं कडं केलं, आणि संपलं माझं बालपण!

खरं तर या कड्याला फास म्हणतात. पण 'फास लावायला चालले' असं सांगून घराबाहेर कोण पडणार? म्हणून अप्पांच्या लेकीनं माझं नाव चिकट्या ठेवलं. बापलेकीचा धंदा उंच झाडांच्या फांद्या छाटण्याचा. अप्पांचे गुडघे कुरकुरू लागल्यापासून झाडावर ती चढते आणि खाली उभे राहून अप्पा काळजी करतात.

माझं काम सोपं. झाडावरून सोडलेल्या जाड दोराला तीन वेढे घालायचे, स्वतःच्याच पोटातून स्वतःला ओवून घ्यायचं आणि लेकीच्या कमरपट्ट्यात अडकायचं. वजन पडलं की दोर आवळून धरायचा, वजन उतरलं की तिच्या हाताबरोबर मुकाट वर सरकायचं. एवढ्यावर माझी मिजास बघा! तिच्या पायाखाली असाच दुसरा फास असायचा, त्याच्याशी मी कधी धड बोललोसुद्धा नाही. आपण कमरेचे, तो पायातला!

अप्पांचा एक हट्ट होता. चढण्याआधी गुडघ्याएवढ्या उंचीवर सगळं वजन माझ्यावर टाकून लटकायचं. मला भारी राग यायचा. रोज उठून माझीच काय परीक्षा घेता?

एके संध्याकाळी काम आटोपून लेक घाईत उतरली. मला मुठीत दाबून सर्रकन खाली! अंग असं पोळलं, विचारू नका. पण सकाळी बघतो तर काय, मी चकाकत होतो. वाटलं, एवढ्या वर्षांच्या सेवेनं तेज चढलं.

त्या दिवशीचं झाड पाच मजली इमारतीएवढं. लेकीनं वेढे घातले. अप्पा म्हणाले, "आधी लटक."

"अप्पा, रोजचंच आहे हो. ऊन चढतंय."

"चढू दे. लटक म्हणतो ना!"

तोंड वाकडं करून ती लटकली. मी जीव खाऊन दोर धरला आणि तस्साच घसरलो. लेक धपकन मातीत बसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी हसलंही नाही. अप्पांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. "वितळून गुळगुळीत झालाय. काल सर्रकन उतरलीस ना?" लेकीनं वर शेंड्याकडे पाहिलं, मग अप्पांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता मी त्यांच्या जेवणाच्या डब्याचं झाकण बांधतो. तेवढं जमतं. झाडाखाली बसून रोज बघतो, लेक कुणी न सांगता आधी लटकते. अप्पा मुद्दाम दुसरीकडे बघतात.

तुम्हाला एकच विनवणी. स्वतःच्या अंगावर कधी चकाकी दिसली, तर मला आठवा आणि आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर लटकून बघा. तिथून पडलं तर फक्त कपडे मळतात.