पत्रिकेवरचं कुंकू

लग्नपत्रिकेवरचं कुंकू मी ब्रशनं झाडलं आणि त्याच क्षणी वारलो. वारलो म्हणजे फार काही झालं नाही. टेबलावरचा चहा तेवढा गार पडला.

आमच्या ग्रंथालयाच्या किरकोळ विभागात जगानं टाकून दिलेले कागद येतात. सर्कशीची हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं, बंद पडलेल्या दंतमंजनाच्या जाहिराती, आमंत्रणं. टाचण्या काढायच्या, घड्या उलगडायच्या, हळदकुंकू झाडायचं, कारण त्याचा डाग शेजारच्या कागदाला लागतो. मग कागद खाकी पाकिटात. आधी झाडायचं, वाचायचं नंतर. वाचत बसलं की ढीग हलत नाही. त्यामुळे पत्रिका माझ्याच लग्नाची होती, हे मला झाडल्यावर कळलं.

"अहो बिवलकर, नाव तरी बघायचं!" विभागप्रमुख मालुष्टेबाई म्हणाल्या. पंख्याच्या वाऱ्यानं मी खुर्चीवरून सरकायला लागलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर पेपरवेट ठेवला.

"घरी जाऊन येऊ का?"

"या. पण वारा बघून जा."

भिंती धरत धरत घरी पोचलो. माझ्या बायकोनं, कुमुदनं, दार उघडलं. तिचं कपाळ कोरं होतं.

"कोण हवंय?"

"अगं, मी."

"ते गेले हो. तुम्ही त्यांच्या ग्रंथालयातले ना? बसा."

भिंतीवर माझा फोटो, त्याला चंदनाचा हार. फोटो डोक्यावर केस होते तेव्हाचा; तेवढंच बरं वाटलं.

कुमुदनं पाणी आणलं. दाराकडे बघत म्हणाली, "तेही अशाच चपला आडव्या काढायचे. रोज बोलायचे मी त्यांना."

"मग बोल की मला."

"परक्या माणसाला कशी बोलू?"

"कुमुद, चिमूटभर कुंकू दे."

"करंडा शेजारच्या विमलताईंना दिला. या घरात आता काय काम त्याचं?"

मी उठलो. चपला पायात राहीनात, तिथंच सोडल्या. कुमुद दारापर्यंत आली. 'पुन्हा या' म्हणाली नाही. दुखवट्याच्या घरात तसं म्हणत नाहीत.

ग्रंथालयाच्या फाटकाशी गणपती आहे. त्याच्या पायाशी पडलेलं कुंकू मी तळहाताची पुडी करून आत नेलं. पत्रिकेला लावायला गेलो, तर माझ्या बोटाला ते चिकटेचना.

"बाई, तुम्ही लावा."

"बसा आधी. उडताय." त्यांनी पुन्हा माझ्या हातावर पेपरवेट ठेवला. या वेळी मोठा, पितळी. "आणि डाग शेजारच्या कागदाला लागला तर?"

"शेजारी कोणता कागद आहे?"

"तुम्हीच की. एकाच पाकिटात ठेवणार होते तुम्हाला."

"लागू दे मला डाग."

बाईंनी सुस्कारा सोडला. चिमटीत कुंकू घेतलं आणि पत्रिकेच्या कोपऱ्यावर टेकवलं.

गार चहातून वाफ निघाली. आणि चार गल्ल्या पलीकडून, अगदी कानाशी, कुमुद ओरडली, "झाल्या का चपला पुन्हा आडव्या? किती वेळा सांगायचं हो?"

मला हसू फुटलं. मी उठायला गेलो. हात पितळेखाली अडकला होता.

मालुष्टेबाई पत्रिकेवर वाकून बघत होत्या. बघता बघता, इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्यांचा दुसरा हात ब्रशकडे गेला.