अप्पांची झडप

माझे अप्पा, ओ ब्योंग-सिक, ऐंशी ओलांडल्यावरही कोरियातल्या येओसू बंदराच्या धक्क्यावर मच्छीमारांची जाळी सांधायचे. गेल्या हिवाळ्यात मात्र घराची चढण चढताना त्यांना दम लागू लागला आणि एकदा चक्कर येऊन ते रस्त्यातच पडले.

हृदयाची झडप अरुंद झाली होती. डॉक्टर प्यो बाईंनी त्यांना खोलीत चालायला लावलं, स्वतःचा हात पुढे करून तो घट्ट दाबायला सांगितला. मग म्हणाल्या, "आजोबा, स्पष्टच सांगते. झडप अशीच ठेवली तर फार दिवस निघणार नाहीत. बदलायची तर पायातून नळी घालण्याजोग्या तुमच्या रक्तवाहिन्या नाहीत, छातीच उघडावी लागेल. मूत्रपिंडं निम्मीच चालताहेत, फुप्फुसं सिगारेटनं खाल्लीत, अंगात ताकद नाही. टेबलावरून उठालही, पुढचं मला सांगता येत नाही."

बाहेर येताच दादा भडकला. "या वयात कसली चिरफाड? घरी चला, पेज खा, निवांत पडा."

"निवांत?" अप्पा म्हणाले. "तुझ्या आईला न्हाणीत उचलून कोण नेणार? तू? तुला तांदळाचं पोतं उचलवत नाही!"

आईचे पाय कधीचेच लुळे पडले होते, आणि आता ती माणसंही विसरत चालली होती. अप्पांखेरीज कुणी हात लावला की किंचाळायची.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते की. तिच्याआधी जायची जास्त वाटते."

ऑपरेशन झालं. नवी झडप उत्तम चालत होती. बाईंनी मला ती पडद्यावर उघडमीट करताना दाखवली. पण मूत्रपिंडांनी हात टेकले. अंग सुजलं, डायलिसिस सुरू झालं, छातीत कफ साठला. घशात नळी होती, म्हणून अप्पा खुणेनं विचारायचे, ती जेवली का? मी मान डोलवायचे. खरं तर ती तोंडच उघडत नव्हती.

शेवटच्या दुपारी दादानं तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. तिनं बराच वेळ पाहिलं. "हा लठ्ठ माणूस कोण गं?"

अप्पांच्या डोळ्यांच्या कडा सुरकुतल्या. हसले असावेत. संध्याकाळी ते गेले.

दादानं कुणाला बोल लावला नाही. आईला आपल्या घरी नेलं. सुरुवातीला ती त्याला बोचकारायची. तो ओरखडे घेऊन कामावर जायचा.

रविवारी मी जाते. कधी आई मध्येच विचारते, "झालं का गं त्यांचं ऑपरेशन?"

"झालं, आई."

"बरे आहेत ना?"

मी तिचे केस विंचरत राहते.