उपडा हंडा

मित्रांनो, तीन पायांचा जुना लोखंडी हंडा मी. जन्म भट्टीतला, पण आयुष्य गेलं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, एका कापसाच्या मळ्यावर. मालकाच्या घरचे कपडे टेंपी माझ्यात उकळायची. ती गुलाम होती, माझ्यासारखीच विकत आणलेली.

गुलामांना एकत्र जमून प्रार्थना करायला बंदी होती. म्हणून अंधार पडला की टेंपी मला झोपडीच्या दारात उपडा घालायची आणि माझी कड एका काटकीवर टेकवायची. आवाज हंड्यात शिरतो, मुकादमाच्या कानावर जात नाही, असा त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाला मी जागलो.

एके दिवशी टेंपीची धाकटी मुलगी कोर्टासमोरच्या चौकात विकली गेली. आईला रडायचीही चोरी. टेंपीने माझ्या कडेखाली तोंड घालून मुलीला नावाने हाका मारल्या. त्या अजून माझ्या पोटात आहेत. पुन्हा ते नाव तिने घेतलं नाही, आणि आपल्यासमोर कुणाला घेऊही दिलं नाही.

पुढे गुलामी संपली. टेंपीच्या नातींनी माझ्यात साबण शिजवला, डुकराची चरबी कढवली. मग घरात वॉशिंग मशीन आलं आणि मी कोंबड्यांचं पाण्याचं भांडं झालो. वाईट वाटलं, पण सांगणार कुणाला?

अखेर सरकारने त्याच चौकात गुलामांचं स्मारक उभारलं. टेंपीची खापरपणती ऑर्लीना हिने मला तिथे दिलं आणि घरात चालत आलेली माझी गोष्टही स्मारक समितीला सांगितली. समारंभाला ती काठी टेकत आली आणि थबकलीच. मला काळा रंग फासून, माती भरून फुलझाडं लावली होती.

"हे कुणाचं डोकं?"

"माझंच, आजी," समितीचे ब्रॅसवेल साहेब हसत म्हणाले. "शोभा आली की नाही?"

"शोभा कसली करतोस! उपडा घाल त्याला."

"आता कुणापासून लपवायचंय, आजी? आता मोकळेपणी रडा."

"टेंपी रडली होती का रे मोकळेपणी?"

साहेबांचा चेहरा उतरला. कोट काढून त्यांनी स्वतः माती उपसली आणि मला काटकीवर उपडं घातलं.

मग दगडावर कोरलेली नावं वाचली गेली. टेंपीच्या नावापुढे होतं, 'आणि तिची मुलगी'. एवढंच.

ऑर्लीना कशीबशी गुडघ्यांवर बसली. माझ्या कडेशी वाकून म्हणाली, "अरे, तू तर ऐकलंयस. सांग ना, काय नाव होतं पोरीचं? मी जायच्या आधी कळू दे."

ती बराच वेळ कान लावून बसली. मी ऐकलं होतं, पण तेव्हा मला वाचा फुटली नाही. हिवाळ्यात ती वारली.

मित्रांनो, जुन्या वस्तू रंगवण्याआधी त्यांच्या माणसांना विचारत जा. आणि गेलेल्यांची नावं घेत जा, कितीही दुखलं तरी. लोखंडाला वाचा फुटते ती अशा कहाण्यांतच, म्हणून आज सांगून टाकतो.

तिचं नाव ज्यूडा होतं.