पालखीपुरती जागा

भिंतीची चर्चा तिसऱ्या बैठकीला गेली, तेव्हा साळूबाईचे डोळे बसल्या जागी मिटायला लागले होते. ग्रामपंचायतीत ती बायकांच्या जागेवरची मेंबर. दाराशी पोत्यावर बसायचं, डोईवरचा पदर सारखा करायचा आणि शेवटी सगळ्यांबरोबर हात वर करायचा, एवढंच तिचं काम. पण ही भिंत तिला हवी होती.

दुष्काळात गावानंच खडी फोडली, तिनंही फोडली, आणि बंगळूरचा रस्ता रुंद झाला. मग ट्रक वाढले, ट्रकांचे हॉर्न वाढले. पुढली आळी रस्त्याला चिकटून. शाळेतल्या पोरांना शिकवलेलं ऐकू येईना, म्हणून गुरुजींनी रस्ता आणि आळीच्या मधे भिंत घालायचं काढलं. दुष्काळी कामातला उरलेला दगड रस्त्याकडेला पडूनच होता.

साळूबाईचा नवरा नाथाजी एकाहत्तरच्या लढाईवरनं हातापायानं धड परत आला होता. पण हॉर्न वाजला की दोन्ही हातांत डोकं धरून बाजेखाली शिरायचा आणि तिथंच थरथरत राहायचा. ट्रक दिवसाही थांबत नव्हते, रात्रीही नाही. लढाईपासून त्या घरात सलग झोप अशी नव्हतीच. जात्यावर बसली की साळूबाईच्या तोंडी तिनंच रचलेली ओवी यायची:

माझ्या गं दारावरनं, सडक गेली काळी
झोप माझ्या कंथाची, चाकाखाली मेली

बैठकीत आधी चहाचं हॉटेल चालवणाऱ्या ज्ञानूनं कुरकुर केली. भिंतीआडचं हॉटेल डायव्हरला दिसायचं कसं, म्हणाला. भिंत तुझ्या हॉटेलाच्या अलीकडंच संपणार, असं तीनदा सांगितल्यावर त्यानं मान डोलावली. आता ठराव होणार, एवढ्यात कुणीतरी पालखीचं काढलं.

भैरोबाचं देऊळ रस्त्यापलीकडं. चैत्रातल्या जत्रेला पालखी रस्ता ओलांडून यायची आणि पहिली थांबायची ती नाथाजीच्या दारात. आज्यापासून चालत आलेला मान. भिंत घातली तर देव यायचा कुठनं? फाटक बसवावं असं एकजण म्हणाला, तर गुरवानं मान हलवली. देवाच्या वाटेला कडी लावत नाहीत. शेवटी सरपंच आण्णांनी तोड काढली. भिंत सलग घालायची, फक्त नाथाजीच्या दारासमोर पालखीपुरती जागा मोकळी ठेवायची. सगळ्यांना पटलं. साळूबाईचा दीर धनाजी तर हरखूनच गेला. भिंतीनंही घराण्याचा मान राखला म्हणाला.

साळूबाईची झोप उडाली. पाटाला भगदाड पडलं की सगळं पाणी तिथनंच धावतं, हे तिनं रानात पाहिलेलं. रस्त्याचा सगळा आवाज आता त्या एका जागेतनं नाथाजीच्या बाजेवर येणार होता.

"आण्णा," ती म्हणाली, "मदी जागा ठिवू नका."

तिचा आवाज आजवर बैठकीत कुणी ऐकला नव्हता. माणसं वळून बघायला लागली.

"मग पालखी उडून येणार व्हय?" ज्ञानू म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

"तुज्या हाटेलापासनं वळवा. मागल्या आळीनं न्या. तितलं पयलं दार अंबूबाईचं, पयला मान तिला द्या."

धनाजी उठून उभा राहिला.

"वैनी, मान तुमच्या एकटीचा न्हाई. आमच्या आज्याचा हाय."

"व्हय भावजी." तिनं पदर पुढं ओढला. "एक रात आमच्यात झोपाय या. मग सांगा."

वाटण्या झाल्यापासून धनाजी मळ्यात राहायचा. तिथं कोल्हं सोडलं तर कुणी ओरडत नव्हतं. तो खाली बसला आणि चटईची काडी मोडत राहिला.

आण्णांनी हळूच विचारलं, "नाथाला इचारलंस का बाई?"

"त्यास्नी झोप लागू द्या. उठल्यावर इचारीन."

भिंत झाली. दीड पुरुष उंच, सलग. पहिले काही दिवस नाथाजी नुसता दाराशी बसून ट्रक कुठं गेले ते शोधत राहिला. मग एका दुपारी आडवा झाला, तो दिवा लागेपर्यंत उठला नाही. साळूबाई मधनंमधनं त्याच्या नाकापुढं बोट धरून बघत होती. पुढं तो रोजच झोपायला लागला आणि तिचं विचारायचं राहून गेलं.

जत्रेच्या दिवशी सवयीनं तिनं अंगण सारवलं. हलगी वाजली तेव्हा नाथाजी घोरत होता. ती नारळ घेऊन मागल्या आळीला गेली आणि गर्दीत उभी राहिली. अंबूबाई ताट घेऊन दारात उभी होती. पहिलं कुंकू की पहिलं पाणी, तिला सुचेना. तिनं गर्दीत साळूबाईचा चेहरा शोधला.

"पाणी," साळूबाई जागेवरनंच म्हणाली. "भोयांच्या पायावर. मग कुंकू."

ती परतली तेव्हा नाथाजी बाजेवर उठून बसला होता.

"पालखी आली?"

"येऊन गेली. मागल्या आळीनं. पयला मान अंबूबाईला दिला. मीच म्हणलं तसं."

तो भिंतीकडं बघत राहिला. तिनं खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला आणि सावकाश चावून खाल्ला. पलीकडनं एक ट्रक हॉर्न देत गेला, लांबच्या गावातनं गेल्यासारखा. नाथाजीचा हात कानाकडं निघाला आणि गुडघ्यावरच राहिला.

"फुडल्या साली मला उठीव," तो म्हणाला. "अंबूबाईच्या दारापातूर चालत जाईन की मी."

"व्हय," साळूबाई म्हणाली आणि तिथंच जमिनीवर, हाताची उशी करून कलंडली.