शुक्रवारचं आंबट

मोबाईलवरच्या त्या बाईचा सुवर्णाला मनापासून राग यायचा. धावपळीच्या घरासाठी सोप्पं जेवण, म्हणे. कोंबडीच्या तुकड्यांना टोमॅटो सॉस, व्हिनेगर, सोया सॉस आणि साखर चोळायची, ट्रे ओव्हनमध्ये ढकलायचा आणि पाऊण तास आपली कामं करायची. एवढं सांगून ती बाई हसायची. तिच्या घरात नुसत्या तारखा असाव्यात, वार नसावेत.

बुलढाण्यातल्या या घरात माणसं चार आणि वार पुरे सात. सासूबाई, म्हणजे पुष्पाबाई, सोमवार आणि एकादशी पाळायच्या. नवरा देवानंद एसटीत कंडक्टर, त्याचा शनिवार मारुतीचा. गुरुवार गजानन महाराजांचा, तो सगळ्यांचाच. मंगळवार खुद्द सुवर्णाचा, त्याबद्दल तिला बोलायला तोंड नव्हतं. बुधवारी देवानंदची गाडी मुक्कामी असायची आणि शुक्रवारी तो अकोल्याहून दहाच्या पुढे यायचा. राहता राहिला रविवार.

हे सगळं करिष्मासाठी चाललं होतं. पोरीला नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा तिनं आईला तो व्हिडिओ दाखवला आणि म्हणाली, "मम्मी, मी जायच्या आधी एकदा करशीन? सगळे सोबत बसून खाऊ." सुवर्णा चटकन हो म्हणाली. तहसील कचेरीतली तिची नोकरी आणि नवऱ्याची ड्युटी यांच्या कचाट्यात अकरावी-बारावीची दोन वर्षं पोरीनं संध्याकाळचं ताट एकटीनंच वाढून घेतलं होतं. कधी तक्रार केली नाही, आणि तेच सुवर्णाला जास्त लागायचं.

पहिल्या रविवारी एकादशी निघाली. त्या संध्याकाळी कॅलेंडरसमोर उभी राहून सुवर्णानं साऱ्या घराला सुनावलं, की आता या घरात कोणी नवा वार काढला तर मी चूलच पेटवणार नाही. देवानंद टीव्हीकडे बघत राहिला. पुष्पाबाई वाती वळत राहिल्या.

दुसऱ्या रविवारी कचेरीतून तिलाच मतदार यादीच्या कामाला बोलावलं. तिसऱ्या रविवारी देवानंदला जादा गाडीवर पाठवलं. चौथ्या रविवारी सगळे घरात होते, मसाला चोळून झाला होता, तर ऐन वेळी लाइन गेली ती साडेनऊपर्यंत आलीच नाही. शेवटी त्याच कोंबडीचा रस्सा झाला. पुढच्या सोमवारी करिष्मा जाणार, तेव्हा पाचवा रविवार तेवढा हातात होता. आणि गुरुवारी संध्याकाळी कॉलेजचा मेसेज आला, शनिवारीच हजर व्हा.

म्हणजे शुक्रवार. देवानंद पोरीला पोचवायला जाणार म्हणून त्यानं शुक्रवार-शनिवार रजा टाकली होती, तेवढं एक बरं झालं. सुवर्णा साहेबांची बोलणी खाऊन कचेरीतून लवकर निघाली आणि कोंबडी घेऊनच घरी आली. पुष्पाबाई देवळात गेल्या होत्या. त्यांच्या नियमानं कोंबडी स्वयंपाकघरात शिजत नाही, मागच्या अंगणात शिजते. म्हणून करिष्मानं आणि तिनं मिळून ओव्हन उचलून अंगणात नेला, शेजारच्या रेणुकाकडून लांब वायरचा बोर्ड आणला आणि कपडे धुवायच्या दगडावर ओव्हन मांडला. व्हिनेगर कमी पडलं तर सुवर्णानं चिंचेचा कोळ घातला. सातला अंगणभर वास सुटला. महिन्याभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

तेवढ्यात पुष्पाबाई आल्या, हातात गूळ-फुटाण्यांची पुडी. नाक वर करून त्यांनी विचारलं, यात काय घातलंस. सुवर्णानं कौतुकानं सगळं सांगितलं, चिंचेसकट. म्हातारी पायरीवर बसली.

"माहा चवथा शुक्रवार हाय आज," त्या म्हणाल्या. "संतोषीमातेचे सोळा धरले मी, करिष्मासाठी. कोंबडीकडं डोळे झाकले असते. पन आज घरात कोनाच्याच तोंडी आंबट लागाले नाही पायजे."

सुवर्णाला एकेक गोष्ट आठवत गेली. गेले तीन शुक्रवार लोणच्याची बरणी संध्याकाळी वरच्या फळीवर चढून बसायची आणि ती चिडून शोधत राहायची. कढीऐवजी साधं वरण. पोरीच्या हातावर गूळ-फुटाणे. तिला रडावं की ओरडावं हेच कळेना.

"काऊन नाही सांगितलं, आई?"

"तूनच म्हनलं होतं ना, नवा वार काढाचा नाही म्हनून."

करिष्मानं तुकडे धुऊन बघू का म्हणून विचारलं, आणि आईच्या तोंडाकडे पाहून आत ताटं घ्यायला गेली. देवानंद म्हणाला, आजच्या दिवस चालते. पुष्पाबाईंनीही मान हलवली. "खा तुमी. मी पुन्यांदा पयल्यापासून धरतो." त्या मनापासून म्हणत होत्या, म्हणूनच सुवर्णाचा नाइलाज झाला. पोरगी पहाटे परगावी निघणार आणि तिच्या नावाचा उपास आदल्या रात्री मोडायचा, हे तिला करवेना. तिनं ओव्हनचं बटण बंद केलं. चौघांनी वरण-भात खाल्ला. नंतर पुष्पाबाईंनी स्वतः दूध-तुपाची भांडी सरकवून फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा केला. ट्रे तिथं ठेवला. या घरात असं कधी झालं नव्हतं.

पहाटे सुवर्णानं तुकडे गरम करून डब्यात भरले. सोबत बसून दोन घास खावेत असं मनात होतं, पण साडेपाचलाच रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

नऊच्या सुमारास करिष्माचा फोन आला. गाडी डोणगावला थांबली होती. "मम्मी, भारी झालं," ती म्हणाली. "पप्पाचा शनवार हाय, ते खिडकीकडं तोंड करून बसले. मी एकटीनंच खाल्लं." मग म्हणाली, "मले सवय हाय." पोरीनं ते सहज म्हटलं, टोमणा म्हणून नाही. फोन ठेवून सुवर्णानं फ्रीजमधला ट्रे ओट्यावर काढला.

ट्रेमध्ये चार तुकडे उरले होते. पुष्पाबाई ताटली घेऊन आल्या, आज शनिवार, मले चालते, म्हणाल्या आणि खाली बसल्या. सुवर्णाही हातातलं फडकं बाजूला ठेवून समोर बसली. दोघींनी गारढोण कोंबडी खाल्ली, सकाळी नऊ वाजता. सासूबाईंनी पहिला घास सावकाश चावला.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "आंबट थोडं कमी पडलं."

सुवर्णा उठली, स्टुलावर चढली, वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.