हाताच्या मापाचं हँडल

“काकू, हे तर गळून पडलं!”

मेघना मॅडमनी मी बनवलेलं हँडल दांड्यावर चढवलं, हात काढला, आणि ते टुणकन उडी मारून थेट कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन पडलं. वर्गातली पोरं खो खो हसली. मी वाकून ते उचललं, पदराने पुसलं. माझं पहिलंवहिलं हँडल होतं ते, कचऱ्यापाशी कसं ठेवणार?

“भोक केवढं ठेवलंत तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“दांड्याच्या मापाचं. वर पाव इंच मार्जिन.”

“पाव इंच? कशाला पण?”

“अहो, नाही बसलं तर आतून उसवता...” एवढं बोलले आणि जीभ चावली.

पोरं आता टेबलावर डोकी टेकून हसत होती. मॅडमनाही हसू आवरेना. माझ्या लेकीपेक्षा, अक्षदापेक्षा लहानच असेल ती पोरगी, पण शिकवायला बसली की मी तिला मॅडम म्हणते.

“काकू, गाडीच्या खिडकीचा पार्ट आहे हा. ह्यात मार्जिन म्हणजे केसाएवढं. बस्स.”

तीसेक वर्षं मी लालबागच्या आमच्या चाळीत खिडकीपाशी मशीन टाकून ब्लाउज शिवतेय. बायका जाड होतात, बारीक होतात, बाळंत होतात, आणि ब्लाउज तोच हवा असतो. म्हणून आत कापड सोडायचंच, हे माझ्या हाडीमासी भिनलेलं. गाडी काही बाळंत होत नाही, हे आपलं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता मी, म्हणजे सुभद्रा टेलर, दादरच्या त्या कम्प्युटर क्लासात गाडीचे पार्ट बनवायला कशी जाऊन बसले ते सांगते. सगळं आमच्या ह्यांच्यामुळे.

ह्यांना सगळी चाळ नाना म्हणते, पोटची मुलगीसुद्धा. नानांनी जन्मभर टॅक्सी चालवली. काळीपिवळी पद्मिनी. परमिट संपत आलं तेव्हा बाकीच्यांनी गाड्या भंगारात दिल्या, ह्यांनी मात्र खेटे घालून घालून ती खासगी करून घेतली. मीटर काढला, निळा रंग मारला आणि दर रविवारी मला फिरवून आणायला लागले. बसवायचे मात्र मागच्या सीटवर. पुढे का नको, विचारलं तर म्हणायचे, “पुढे बसलीस तर गिऱ्हाईक असल्यासारखं वाटत नाही.” असा हा माणूस.

गेल्या वर्षी नानांना झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, शिव्या तर आधीसारख्याच सुरू झाल्या. डावा हात तेवढा मागे राहिला. हलतो, पण बोटं पुरती मिटत नाहीत. तेव्हापासून गाडी अक्षदा चालवते आणि नाना तिच्या शेजारी, डाव्या सीटवर.

पहिल्याच रविवारी परळच्या सिग्नलला त्यांना काच खाली करायची होती. डाव्या हाताने हँडल धरवेना. उजवा हात आडवा घालून बघितला, तर अंग वळेना. झटापट चालली होती, तेवढ्यात अक्षदाने वाकून फरफर काच उतरवून दिली. तिच्या मनात काही नव्हतं हो. पण नानांचा चेहरा उतरला तो घरी येईस्तोवर तसाच. जिना चढताना थांबले आणि म्हणाले, “माका नको ती गाडी. काचसुद्धा दुसऱ्यान उघडूची! मी काय पार्सल आसंय?”

जिवाला लागलं की नानांच्या तोंडी गावची मालवणी येते. त्यानंतर गाडीत बसायचं नाव नाही. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या चपला, फुटके डबे आणि गाडी, सगळं एकदमच काढून टाकू, असं त्यांनी चाळीत जाहीर करून टाकलं. भंगारवाल्यालाही सांगून ठेवलं. आणि डावा हात टॉवेलखाली झाकून खुर्चीत बसायला लागले. मला खात्री होती, गाडी गेली की हा माणूस त्या खुर्चीतून काही उठायचा नाही. तसं व्हायला नको होतं मला. अजिबात नको होतं.

गॅरेजवाल्या हेमचंद्रला विचारलं, जाड मुठीचं हँडल मिळेल का?

“वहिनी, ह्या गाडीचं साधं हँडल मिळायची मारामारी, आणि तुम्हाला स्पेशल पायजे? आता कम्प्युटरवर डिझाइन करायचं आणि थ्रीडी प्रिंटरमधून प्लास्टिकचं काढायचं. दुसरा रस्ता नाय.”

अक्षदाने मोबाइलवर क्लास शोधला, पण तिला नोकरीतून दुपारचं कुठलं जमायला? म्हटलं, मीच जाते. माप घ्यायचं, आखायचं, कापायचं. त्यात नवीन ते काय?

नवीन काय ते पहिल्याच दिवशी कळलं. माउस मी टेबलावरून खाली पडेपर्यंत ओढत नेला. रेष मारायला गेले की गोल उठायचा, गोल पुसायला गेले की सगळंच गायब. नाकी नऊ आले. पण डब्यातून चिवडा न्यायचे, त्यामुळे माझ्या शेजारी बसायला पोरांची भांडणं लागायची आणि चुकलं की दाखवायला चारचार हात पुढे यायचे.

मार्जिनचा धडा मी इतका मनावर घेतला की घरी येऊन कमलाबाईंचा ब्लाउजही मापाबरहुकूम कापला. आत दोराभर कापड सोडलं नाही. कमलाबाई समोरच्या चाळीतल्या, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आतल्या खोलीत घालून बघायला गेल्या आणि जोरात ओरडल्या, “सुभद्रे, हात अडकला गं! ना वर जात ना खाली! आता दिवाळी अशीच करू का मी?” मी धावले. बाहेर नाना इतके हसले, इतके हसले की त्यांचा चहा सांडला. किती महिन्यांनी ते हसणं ऐकलं मी. एक ब्लाउज वाया गेला तर जाऊ दे, असं वाटलं मला. कमलाबाईंना काही तसं वाटलं नाही.

दुसरं हँडल मात्र दांड्यावर टक्क बसलं. क्लासच्या प्रिंटरमध्ये पिवळं प्लास्टिक होतं म्हणून ते पिवळंधमक निघालं. हेमचंद्रने आत लोखंडी चकती ठोकून दिली, गाडीला लावलं. मूठ चांगली जाड, गोल, गुळगुळीत. मी बाबापुता करून त्यांना खाली नेलं आणि गाडीत बसवलं. त्यांनी मुठीवर डावा हात ठेवला. बोटं घसरली. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरली.

“बरं झालंय हां,” नाना म्हणाले आणि हात बरोबर आणलेल्या टॉवेलखाली घातला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या मागून जिना चढताना एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारी बाई मी, आणि हँडलची सगळी मापं घेतली ती गाडीची! ते वापरणाऱ्याचं माप राहिलंच की.

पण माप देणार कोण? टेप घेऊन जवळ गेले की नाना भिंतीकडे वळायचे. शेवटी एक दिवस कणीक मळताना मी बेत केला.

“अहो, हा गोळा धरा जरा. डाव्या हातात धरा, उजव्यात पेपर आहे तुमच्या. मला फोन आलाय.”

फोन कसला येतोय! मी गॅलरीत उभी राहून नुसतं हॅलो हॅलो केलं. परत आले तर गोळा नानांच्या मुठीत, बोटं मिटतील तेवढी मिटलेली. मी तो अलगद काढून घेतला, बशीत ठेवला आणि वर वाटी झाकली.

“चपाती नाय करूची?” नाना म्हणाले.

“करते की.”

“त्याच गोळ्याची?”

मी बशीवरची वाटी आणखी घट्ट दाबली.

“फोन उलटो धरलेलंस गो. तुका काय वाटता, माका कळना नाय?”

आता काही खरं नाही, म्हणून मी मान खाली घालून पोळपाट पुसत बसले. पुसलेलाच पुसत होते. नानांनी पेपर बाजूला ठेवला. मग खाकरले.

“आण तो गोळो हयसर. लय मऊ झालोहा, बोटां उमटाक नाय. घट्ट मळ.”

मी पीठ घालून घट्ट मळला. नानांनी स्वतः टॉवेल बाजूला केला, डावा हात उजव्या हाताने उचलून माझ्यासमोर धरला, गिऱ्हाईक माप द्यायला धरतं तसा. मी एकेक बोट गोळ्यावर बसवलं. बोटं गार होती. नानांनी दात आवळून दाबलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

“रडतंस काय? पाणी पडला तर परत मऊ होतलो,” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोळा डब्यातून दादरला. पोरांनी चिवडा समजून झाकण उघडलं, तेव्हाची त्यांची तोंडं बघण्यासारखी होती. मॅडम मात्र गोळा उजेडात फिरवून बघत राहिल्या. बोटांचे खळगे, अंगठ्याची खाच, सगळं उमटलं होतं.

“काकांचा हात?”

“हो.”

मग त्यांनी शिकवलं. गोळ्याचे सुरीने काप करायचे, एकेका कापाचा आकार कम्प्युटरवर आखायचा, आणि त्याला सांगायचं, आता हे सगळे एकमेकांना जोड.

“म्हणजे छाती, कंबर, घेर!” मी ओरडलेच. “मधलं कापड आपलं आपण वळतं!”

“अगदी तेच काकू. फक्त मार्जिन नको.”

“इथे ठेवणार मी,” मी म्हटलं. “बोटं सुधारतायत त्यांची. अजून मिटायला लागली की जागा लागेल.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “केसाएवढं?”

“दोन केस.”

“चालेल,” त्या म्हणाल्या.

प्रिंटरमधून निघालं ते अगदी आल्याच्या गड्ड्यासारखं, वेडंवाकडं. अक्षदा म्हणाली, “आई, हे हँडल आहे की चहात घालायचंय?” मी म्हटलं, तुझ्या हातासाठी नाहीच ते, गप बस.

भंगारवाला सोमवारी यायचा होता. रविवारी सकाळी मी नानांपाशी त्याचं नावही काढलं नाही. नुसतं म्हटलं, हेमचंद्रने नवीन हँडल लावलंय. ते उठले, इस्त्रीचा शर्ट मागितला आणि खाली उतरले. टॉवेल वर खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

अक्षदाने गाडी सुरू केली, नाना तिच्या शेजारी, मी मागे. चाळीच्या तोंडाशी गाडी थांबली, तसा नानांनी डावा हात त्या पिवळ्या मुठीवर ठेवला. बोटं आपापल्या खळग्यात जाऊन बसली, एकही घसरलं नाही. त्यांनी जोर लावला. काच कुरकुरली, जराशी उतरली आणि अडली. अक्षदाचा हात स्टिअरिंगवरून सुटला, तशी मी मागून तिची वेणी ओढली.

“आई गं!”

“समोर बघ तू.”

मागे एक टेम्पो येऊन हॉर्न मारायला लागला. “मार बाबा, मार. लग्नाला चाललाय जसा काही,” नाना म्हणाले आणि फिरवत राहिले. कपाळावर घाम आला होता. वेळ लागला, चांगला वेळ लागला. पण काच उतरली, पार खालपर्यंत उतरली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

नानांनी हात खिडकीबाहेर काढला. तो पुढे गेला, टॅक्सी होती तेव्हा जिथे बाहेरून मीटर असायचा तिथे. आता तिथे नुसती बुजवलेली भोकं आणि वर निळा रंग. हात तिथे चाचपत जरासा थांबला. मग मनगट सवयीने वळलं आणि नसलेला मीटर त्यांनी खाली पाडला.

लहानपणी अक्षदा पुढच्या सीटवर उभी राहून प्रत्येक भाड्याला मीटर पडला की तोंडाने आवाज करायची. आज इतकी मोठी बाई झालीय, ऑफिसात माणसं हाताखाली आहेत तिच्या. पण समोर बघतच तिने केलं, “टिंग!”

नानांनी मान न वळवता विचारलं, “बोला बाई, कुठे जायचं?”

माझं माहेर फणसवाडीचं. मी पदर सावरला, पर्स मांडीवर घेतली आणि म्हटलं, “फणसवाडी. आणि लांबून फिरवू नका हां, मला रस्ता माहितेय.”

“सगळेच असं म्हणतात,” नाना म्हणाले, आणि अक्षदाला लांबचा रस्ता दाखवला.

हात त्यांनी आत घेतला नाही. फणसवाडी येईपर्यंत तो खिडकीवर तसाच होता, बोटं अर्धवट मिटलेली, आणि त्यांच्यातून वारा जात होता.